उघडा राहिलेला खण

“या टोकावर दोन हत्ती नाचले ना, तरी घर जागचं हलणार नाही!”

हे वाक्य आर्किटेक्टसाहेबांच्या घरी आलेल्या प्रत्येक माणसानं ऐकलेलं होतं. पोस्टमननं ऐकलं होतं, मीटर बघायला येणाऱ्यानं ऐकलं होतं, एकदा पत्ता चुकून आलेल्या विमा एजंटनंही ऐकलं होतं. तो बिचारा विम्याचं नावही न काढता परत गेला. सासूबाई पहिल्यांदा राहायला आल्या तेव्हा त्यांनाही ते दारातच ऐकवण्यात आलं. हातातली बॅग खाली न ठेवता त्या म्हणाल्या, “जावईबापू, हत्तींचं हत्ती बघून घेतील. माणसांचं काय?”

आता सासूबाईंचं फार चुकत होतं असंही नाही. घर होतंच तसं! टेकडीच्या उतारावर, मागचा निम्मा भाग खडकात घट्ट रुतवलेला आणि पुढचा निम्मा, म्हणजे अख्खा हॉल, वीस फूट हवेत. खाली खांब नाही, भिंत नाही, टेकू नाही. तीन बाजूंना फरशीपासून छतापर्यंत नुसती काच. सोफ्यावर बसून खाली बघितलं तर पायांखाली झाडांचे शेंडे आणि त्याही खाली रस्ता, रस्त्यावर बसथांबा.

“हे टिकतं कसं?” सासूबाईंनी विचारलं होतं.

“अगदी सोपं आहे, आई. पोहण्याच्या तलावावर उडी मारायची फळी असते बघा. एक टोक घट्ट पकडलेलं, दुसरं मोकळं. याला कँटिलिव्हर म्हणतात.”

“म्हणजे उडी मारायचीच सोय केलीत म्हणा की!”

त्यानंतर सासूबाईंनी एकच गोष्ट विचारून घेतली: खडक नेमका कुठे संपतो? साहेबांनी हौसेनं फरशीवरची एक सांध दाखवली. बस्स! ती सांध सासूबाईंची सरहद्द झाली. जेवण सरहद्दीच्या अलीकडे, पेपर वाचणं अलीकडे. पलीकडे सोफ्यावर बसलेल्या लेकीशी त्या, परदेशातल्या माणसाशी फोनवर बोलावं तशा, मोठ्यानं बोलायच्या. झोपायला त्यांनी अगदी मागची, खडकात खोदलेली खोली पसंत केली. तीन बाजूंना दगड, एक हातभर खिडकी.

“आई, ती अडगळीची खोली आहे हो! नकाशांच्या गुंडाळ्या ठेवायला केलीय,” साहेब कळवळून म्हणाले.

“असू दे. अडगळ पडत तरी नाही.”

साहेबांच्या बायकोचा दातांचा दवाखाना होता. डॉक्टरीणबाईंना घर आवडत नव्हतं असं नाही. सकाळी धुकं उतारावरून वर यायचं आणि हॉल होडीसारखा त्यावर तरंगायचा, तेव्हा त्यासुद्धा हातातला चहा विसरायच्या. पण धुकं काही दिवसभर राहत नाही. नऊ वाजले की ऊन असं आत घुसायचं, की नवराबायको स्वतःच्या हॉलमध्ये टोपी आणि गॉगल घालून नाश्ता करायचे. कुंडीतल्या झाडांनी आठवड्यात माना टाकल्या. एक निवडुंग तेवढा जगला, तोही नाराज दिसायचा. घरातून कुणी जरा जोरात चाललं की कपाटातल्या कपबश्या किणकिणायच्या. साहेब म्हणायचे, “याला जिवंत वास्तू म्हणतात!”

आणि सगळ्यात मोठी भानगड म्हणजे तो बसथांबा. काचेला बाहेरून आरशासारखा लेप होता. “बाहेरून फक्त आकाश दिसतं, आतलं काही दिसत नाही,” अशी साहेबांची हमी होती, आणि ती खरीही होती. फक्त त्यांनी ती भर दुपारी तपासली होती! संध्याकाळी आतले दिवे लागले की सगळा मामला उलटा. आत आरसा आणि बाहेर सिनेमा. डॉक्टरीणबाईंना हे कळलं ते दवाखान्यात. एका पेशंटला त्या गोड खाण्यावरून झापत होत्या. तो खुर्चीत आ वासून सगळं ऐकत राहिला आणि चूळ भरून म्हणाला, “पण डॉक्टर, काल सातच्या बसची वाट बघत होतो, तर तुम्ही सोफ्यावर पाय घेऊन चॉकलेट खात होता. चार खाल्लीत. पाचवं मिस्टरांनी काढून घेतलं.”

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी पडद्यांचा विषय काढला. साहेब उभेच राहिले. “पडदे? काचेच्या घराला पडदे म्हणजे वाघाला स्वेटर घालण्यातला प्रकार आहे!”

बसथांब्यावरच्या लोकांनी घराचं बारसंही करून टाकलं होतं. कुणीतरी कपाटाचा खण ओढला आणि परत लावायला विसरला, तसं ते घर खालून दिसायचं. म्हणून त्याचं नाव ‘उघडा खण’. कंडक्टरसुद्धा थांबा आला की सरळ ओरडायचा, “चला, उघडा खण, उघडा खण!”

साहेबांना या कशाचंच वाईट वाटत नव्हतं. त्यांना खंत एकच होती. त्यांनी ऑफिस थाटल्यापासून दुकानं काढली, गोडाऊनं काढली, एका शाळेची सायकल ठेवायची शेडसुद्धा काढली. पण स्वतःच्या घराखेरीज दुसरं हवेतलं काचेचं घर त्यांच्याकडून कुणी म्हणजे कुणी बांधून घेतलं नव्हतं. लोक यायचे, हॉलमध्ये उभे राहायचे, “वा!” म्हणायचे आणि मग आठवड्यानं फोन करून चार भिंतींचं घर मागायचे. माणसानं जन्मभर सतार शिकावी आणि लोकांनी त्याला दारावरची घंटा वाजवायला बोलवावं, तशी गत!

अशात जज्जसाहेबांचं पत्र आलं. कामगार न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायाधीश. उतारावर जागा घेतली होती. “घर तुमच्याकडूनच करून घ्यावं असं मनात आहे. मात्र आधी तुमचं घर बघू. काचेत राहणं दिसायला छान असतं; राहायला कसं असतं, ते बघायचं आहे. शनिवारी अकरा वाजता येतो.”

साहेबांनी पत्र तीनदा वाचलं. मग बायकोला वाचून दाखवलं. मग सरहद्दीपाशी जाऊन सासूबाईंना वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, “जज्ज आहेत ना? मग पुरावा बघितल्याशिवाय काही बोलणार नाहीत. चांगलं आहे.”

शनिवार उजाडला. हॉल आरशासारखा लखलखत होता. सोफ्याच्या उशा साहेबांनी पट्टी लावून सरळ केल्या. कपबश्या किणकिणू नयेत म्हणून प्रत्येक बशीखाली कागदाची घडी घातली. निवडुंगाला उन्हातून उचलून सावलीत ठेवलं आणि “आज जरा हसतमुख राहा,” असं बजावलं. दहाला पाच कमी असताना ते हॉलच्या टोकाशी उभे राहिले, कमरेवर हात ठेवले, समोरचं दृश्य डोळ्यांत साठवलं, आणि किंचाळले!

बरोबर मधल्या काचेवर, बरोबर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, बाहेरच्या बाजूनं एका पक्ष्यानं आपलं मत नोंदवलं होतं. मत भलं मोठं होतं. पांढरं होतं आणि ओघळत होतं.

काचवाल्याला फोन लागला. हा काचवाला महिन्यातून एकदा यायचा, छतावरच्या कड्याला दोर बांधून, कमरेला पट्टा लावून खाली उतरायचा आणि बाहेरच्या काचा पुसायचा. बाहेरून पुसण्याचा दुसरा मार्गच नव्हता. खाली उभं राहायला जमीनच नव्हती!

“साहेब, माझी पाठ धरलीय,” काचवाला विव्हळला. “गादीवरून उठवत नाही.”

“अहो, पण जज्ज येतायत!”

“जज्ज आले तरी पाठ तीच आहे, साहेब.”

“दोर कुठंय?”

“वरच, पेटीत. पट्टा, टोपी सगळं तिथंच आहे. पण साहेब, तुम्ही नको हं! खाली जायला निळी कळ दाबायची, वर यायला पिवळी ओढायची, आणि ओढताना पायानं...”

“कळलं, कळलं! हे घर मी काढलंय! मला निळं-पिवळं समजत नाही की काय?”

आणि पायाचं ऐकून न घेताच साहेबांनी फोन ठेवला. इथे पुढच्या सगळ्या रामायणाचं बी पडलं.

बायको स्वयंपाकघरात होती. तिला सांगितलं असतं तर तिनं अडवलं असतं, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. कपडे खराब व्हायला नकोत म्हणून इस्त्रीची पँट आणि शर्ट बाथरूममध्ये खुंटीला टांगला, अर्धी चड्डी आणि जुना बनियन चढवला, बादली, साबण, फडका घेतला आणि मागच्या शिडीनं छत गाठलं. फोन पँटच्या खिशात राहिला. बाथरूमचा नळही जरासा टपटपत राहिला. डोक्यावर काचवाल्याची केशरी टोपी, कमरेला पट्टा, पट्ट्याला बादली. दोर कड्यात अडकवला. एक खोल श्वास. निळी कळ!

काय सांगावं, उतरणं इतकं सोपं होतं की साहेबांना काचवाल्याच्या कामाबद्दल उगाच आदर वाटत होता असं वाटलं. लिफ्टसारखे ते अलगद खाली आले आणि मतासमोर थांबले. फडका फिरवला, साबण लावला, पाणी मारलं. तीन मिनिटांत डाग गायब! काचेत त्यांना स्वतःचं हसरं तोंड दिसलं. मागे निळं आकाश. “वा!” ते स्वतःलाच म्हणाले.

मग त्यांनी पिवळी कळ ओढली.

काही झालं नाही.

पुन्हा ओढली. साहेब वर जायच्या ऐवजी गोल फिरले. आता डोळ्यांसमोर दरी! पायांखाली झाडांचे शेंडे, खाली बसथांबा. हॉलमध्ये उभं राहून रोज बघितलेलं तेच दृश्य, फक्त मध्ये काच नसली की त्याचं मोठेपण फारच अंगावर येतं. पाय झाडत ते परत काचेकडे वळले आणि पायांनी काहीतरी करायचं असतं एवढंच त्यांना आठवलं. काय करायचं असतं? पाय वर घ्यायचे? लांब करायचे? त्यांनी सगळे प्रकार करून बघितले. खालून बघणाऱ्याला वाटलं असतं, बेडकाला कुणी पोहायला शिकवतंय!

“अगंऽऽ ऐकलंस काऽऽ!” ते ओरडले.

काचेतला माणूसही तोंड वासून ओरडला. पण आत आवाज जायचं नाव नाही. दुहेरी काच होती ती! “बाहेर नगारा वाजवला तरी आत डुलकी मोडणार नाही,” हे साहेबांचं दुसरं आवडतं वाक्य. त्यांनी काचेवर थापा मारल्या. साबणाच्या हातानं थाप तरी काय लागणार? पच्च, पच्च! काचेला नाक चिकटवून, दोन्ही हातांनी डोळ्यांभोवती आडोसा करून त्यांनी आत बघितलं. अंधुक अंधुक हॉल दिसला. हॉलमध्ये दोन माणसं होती.

जज्जसाहेब आणि त्यांच्या सौभाग्यवती! अर्धा तास आधी!

आत जे घडलं ते साहेबांना नंतर बायकोनं सांगितलं, आणि ती ते अजूनही सांगते, दर वेळी थोडं वाढवून. दार सासूबाईंनी उघडलं होतं. पाहुण्यांना त्यांनी सरहद्दीपर्यंत पोहोचवलं आणि “पुढे तुमचे तुम्ही जा,” असं म्हणून स्वतः स्टुलावर बसल्या. पाहुणे पुढे गेले तर समोरच्या काचेला एक माणूस चिकटलेला! नाक बसकं, गाल पसरट, डोळे बटाट्याएवढे. जज्जांच्या बायको “अगं बाई!” म्हणून दोन पावलं मागे आल्या.

सासूबाईंचा लांबचं बघायचा चष्मा खोलीत राहिला होता. प्रखर उजेडावर त्यांना नुसती काळी आकृती दिसली, आणि टोपी.

“घाबरू नका,” त्या म्हणाल्या. “काचवाला आहे. महिन्याला येतो.”

जज्जसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. पंचवीस वर्षं ज्यानं कामगारांचे अर्ज वाचले, तो माणूस असं दृश्य बघून गप्प कसा बसणार? “काचवाला? डोक्याला शिरस्त्राण नाही, पायात बूट नाही, वर दोर धरायला दुसरा माणूस नाही! याला असं लटकवलं कुणी?”

“लटकवायचं कशाला? तो आपला आपणच लटकतो.”

“हातवारे करतोय बिचारा! काहीतरी सांगतोय!”

“ते त्याचं नेहमीचंच. पाणी मागत असेल.”

बाहेर साहेब एक हात छातीवर ठेवत होते, मग बोट वर दाखवत होते, मग दोर ओढल्यासारखं करत होते. त्यांच्या मते त्याचा अर्थ होता, ‘मी घराचा मालक, वर जाऊन मला ओढा!’ जज्जांनी अर्थ लावला: छातीत दुखतंय, आणि आता वरच जाणार!

“मालक कुठे आहेत?” जज्ज गरजले.

गरजणं ऐकून डॉक्टरीणबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या. काचेकडे त्यांची पाठ होती. हात पुसत त्या हसून म्हणाल्या, “नमस्कार! तुम्ही लवकर आलात. हे बाथरूममध्ये आहेत वाटतं, नळाचा आवाज येतोय. बसा ना!”

“बसा? एक माणूस तिकडे हवेत तळमळतोय, आणि मालक अंघोळ करतायत!” जज्जांनी खिशातून फोन काढला आणि अग्निशमन दलाला लावला. पत्ता सांगता येईना, तेव्हा सासूबाईंनी मदत केली, “उघडा खण म्हणा. सगळ्यांना ठाऊक आहे.”

डॉक्टरीणबाईंनी तेव्हा कुठं वळून काचेकडे बघितलं. आधी टोपी दिसली. मग तो बनियन दिसला. डाव्या खांद्यावर भोक पडलेला, त्यांनी तीनदा टाकायला काढलेला आणि तीनदा कपाटात परत गेलेला बनियन! जगात असा दुसरा बनियन असणं शक्य नव्हतं.

“अगं आई! तो काचवाला नाही! तुझा जावई आहे तो!”

“जावई?” सासूबाई स्टुलावरून ताडकन उठल्या. “तरीच म्हटलं, आज काच इतकी वाईट का पुसतोय!”

आणि मग त्या माऊलीनं जे केलं ते त्या घरात कुणीच कधी बघितलं नव्हतं. स्टूल बाजूला लोटलं, सरहद्द ओलांडली आणि तरातरा चालत त्या थेट हवेतल्या टोकाला गेल्या. कपबश्या कागदाच्या घड्यांसकट किणकिणल्या. काचेला दोन्ही तळवे टेकवून त्या मोठमोठ्यानं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलू लागल्या.

बाहेर साहेबांना आडोशातून समोर एकदम सासूबाई दिसल्या! इतक्या जवळून आणि इतक्या काळजीनं त्यांनी जावयाकडे लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. साहेबांना भरून आलं. त्यांनीही काचेवर, सासूबाईंच्या तळव्यांसमोर आपले साबणाचे तळवे ठेवले. त्या काहीतरी सांगत होत्या. साहेबांना ओठांवरून वाटलं, ‘घाबरू नका, मी आहे.’ प्रत्यक्षात त्या म्हणत होत्या, “खाली बघू नका, चक्कर येईल!”

हे सांगताना त्यांनी ‘खाली’ म्हणून बोट दाखवलं. आणि बोटामागोमाग स्वतःच खाली बघितलं.

संपलं! सासूबाई जागच्या जागी खांब झाल्या. डोळे मिटले, तळवे काचेला चिकटवले आणि म्हणाल्या, “मला इथून कुणी हलवू नका. मी इथंच राहते. मला जेवण इथंच पाठवा.” आता काचेच्या बाहेरून एक जण चिकटलेला आणि आतून एक जण! दोघंही समोरासमोर, एकमेकांचं प्रतिबिंब असल्यासारखे. जज्जांच्या बायकोलाही गरगरायला लागलं होतं. शेवटी डॉक्टरीणबाई आणि जज्जसाहेबांनी मिळून सासूबाईंना एकेक बोट सोडवत उलट्या पावलांनी मागे नेलं, सरहद्द ओलांडली, तरी त्या थांबेनात. थेट आपल्या खोलीत जाऊन दगडाच्या भिंतीला पाठ लावली तेव्हा डोळे उघडले.

इकडे बाहेर साहेबांना एवढंच दिसलं की, सासूबाई गेल्या, बायको गेली, पाहुणेही गेले. हॉल रिकामा! अशा वेळी माणूस काय काय कबूल करत नाही! साहेबांनी तिथल्या तिथे, काचेवर हात ठेवून, सगळ्या घराला पडदे लावायचं कबूल केलं. जाड पडदे. फुलाफुलांचेसुद्धा चालतील! पण दुहेरी काचेमुळे हे कुणालाच ऐकू गेलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं झालं.

खाली बसथांब्यावर मात्र एव्हाना साठेक माणसं जमली होती. दोन बसगाड्या लोकांनी मुद्दाम सोडल्या. कुणी म्हणे चोर आहे, कुणी म्हणे चोर असता तर आत गेला असता, हा बाहेरच राहिलाय. चॉकलेटवाल्या पेशंटनं डोळ्यांवर हात धरून निरखून बघितलं आणि जाहीर केलं, “अहो, हे तर डॉक्टरांचे मिस्टर! बायकोनं बाहेर काढलेलं दिसतंय!”

घंटा वाजवत बंब आला. लांबलचक शिडी फुलत फुलत वर आली. तिच्या टोकाला बंबाचे अधिकारी, मिशा पिळदार, चेहरा गंभीर. साहेबांच्या बरोबरीला येऊन त्यांनी विचारलं, “काय झालं?”

“काच पुसत होतो.”

“कुणाची?”

“माझीच.”

अधिकाऱ्यांनी दोर बघितला, पट्टा बघितला आणि हळूच म्हणाले, “अहो, पिवळी ओढताना डावा पाय या फासात घालून उभं राहायचं असतं. की झालं.”

“मला वर सोडाल का? पाहुणे आलेत.”

“शिडी खालून आलीय, साहेब. शिडी जिथून येते तिथंच जाते.”

तेव्हा आर्किटेक्टसाहेब, अर्धी चड्डी, भोकाचा बनियन आणि केशरी टोपी अशा थाटात, रिकामी बादली हातात घेऊन साठ माणसांच्या टाळ्यांच्या गजरात बसथांब्यावर उतरले. कुणीतरी “वन्स मोअर!” म्हणालं.

घरी परत जायला रस्ता टेकडीला मोठा वळसा घालून वर चढत होता. अनवाणी कसं जायचं? तेवढ्यात बस आली. साहेब मान खाली घालून चढले आणि कंडक्टरला पुटपुटत म्हणाले, “पाकीट घरी राहिलंय हो.”

“बसा, बसा साहेब!” कंडक्टर मोठ्या मनानं म्हणाला. “आम्ही रोज तुम्हाला फुकटच बघतो की!”

घरात शिरले तेव्हा हॉल रिकामाच होता. मधल्या काचेवर साबणाची दहा बोटं आणि एक नाक छान वाळून उमटलं होतं. मागच्या खोलीतून मात्र हसण्याचा आवाज येत होता. साहेब चोरपावलांनी दाराशी गेले. आत गारवा होता. नकाशांच्या गुंडाळ्या बाजूला सारून जज्ज आणि त्यांच्या बायको सासूबाईंच्या पलंगावर ऐसपैस बसले होते. चहा झाला होता, दुसरा चालू होता. कप अजिबात किणकिणत नव्हते.

“या, मालक या!” जज्जसाहेब उठून उभे राहिले. “माझा गैरसमज झाला. तुम्हाला मी मनातल्या मनात जबर दंड ठोठावला होता. तो मागे घेतो.”

“घर... घर कसं वाटलं?” साहेबांनी बादली मागे लपवत विचारलं.

नवराबायकोनं एकमेकांकडे बघितलं.

“फारच सुंदर!” जज्जांच्या बायको मनापासून म्हणाल्या. “असं घर मी जन्मात बघितलं नव्हतं. आम्ही दोघांनी आत्ताच ठरवलं, आमचं घर तुम्हीच बांधायचं.”

साहेबांचे पाय जमिनीवरून सुटले. म्हणजे दिवसभरात दुसऱ्यांदा, पण या वेळी आनंदानं! “मग कँटिलिव्हर किती घेऊ? वीस फूट? तुमच्याकडे उतार चांगला असेल तर मी पंचवीसही...”

“शून्य,” जज्जसाहेब म्हणाले. “आम्हाला ही खोली आवडली. अशाच चार खोल्या काढा. दगडाच्या, गार, खडकाला पाठ लावून.”

“पण... पण मोकळेपणा? उजेड? दृश्य?” साहेबांचा आवाज चिरकला. “निदान एखादी काच तरी!”

“हो, ती हवीच! ते सांगायचंच राहिलं,” जज्जांच्या बायको उत्साहानं पुढे सरकल्या. “आमची जागा समोरच्या उतारावर आहे, तुमच्या अगदी समोर. तेव्हा या बाजूला एक मोठी खिडकी काढा. दोन खुर्च्या बसतील एवढी. तुमचं घर त्यातून पूर्ण दिसलं पाहिजे.”

डॉक्टरीणबाई पदरात तोंड लपवून हसत होत्या. सासूबाईंनी तिसरा कप भरला आणि जावयाच्या हातात दिला. शेवटी साहेबांनी बादली खाली ठेवली, कोपऱ्यातली एक कोरी गुंडाळी ओढली, कानामागे हात नेला, तिथं पेन्सिल नव्हती, साबण होता. तो पुसून त्यांनी हळूच विचारलं, “खिडकी किती फुटांची धरू?”

“ते तुम्हाला जास्त कळतं,” जज्जसाहेब म्हणाले. “फक्त एक सांगून ठेवा. काच पुसायचा वार कोणता? त्या दिवशी आम्ही पाहुणे बोलवत जाऊ.”